पोस्टग्रेस १७.१ आणि तो एक बाइट

पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा. १६ वरून १७ वर जायचं म्हटलं तर तो लांबलचक तयारी सांगेल: चाचणीचा सर्व्हर, बॅकअप, शनिवारची रात्र, फसलं तर परतीची वाट. १७.० वरून १७.१ वर जायचं म्हटलं तर म्हणेल, पॅकेज बदला, सर्व्हर रीस्टार्ट करा, झालं. हा भरवसा उगाच आलेला नाही. टिंबानंतरचा आकडा बदलतो तेव्हा फक्त दुरुस्त्या येतात. नवी सोय येत नाही, डेटा फाइलींची मांडणी बदलत नाही, सगळा डेटा बाहेर काढून (डंप) परत भरावा लागत नाही. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं आहे.

१४ नोव्हेंबर २०२४ च्या गुरुवारी हा भरवसा दोन ठिकाणी उसवला आणि पुढच्या गुरुवारी, २१ तारखेला, पुन्हा शिवून मिळाला. मधल्या सात दिवसांचं हे प्रकरण आहे. चुका कुठल्याही प्रकल्पात होतात. मला हे प्रकरण मोलाचं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी: दोन्ही चुका काळजीपूर्वक लिहिलेल्या, दुसऱ्यांनी तपासलेल्या, नियमाला धरून केलेल्या दुरुस्त्यांमधून आल्या. नुसतं 'जपून काम करा' असं सांगून अशा चुका टळत नाहीत. त्या कुठून शिरतात ते कोडच्या पातळीवर उतरूनच बघावं लागतं.

त्या गुरुवारी काय आलं

पोस्टग्रेसच्या देखभालीच्या आवृत्त्या वर्षातून चारदा येतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर, साधारण महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी. त्या आठवड्याच्या सुरुवातीला मूळ कोडचे टारबॉल, म्हणजे एकत्र बांधलेले गठ्ठे, तयार होतात. मधल्या दोन-तीन दिवसांत वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेज बनवणारी मंडळी आपापली बिल्ड करून बघतात आणि गुरुवारी सगळं एकदम बाहेर येतं. प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे एका वेळी पाच-सहा आवृत्त्यांचं अपडेट निघतं.

त्या दिवशी १७.१, १६.५, १५.९, १४.१४, १३.१७ आणि १२.२१ अशा सहा आवृत्त्या आल्या. सुरक्षेच्या चार त्रुटी आणि पस्तीसहून जास्त बग त्यात दुरुस्त झाले होते. १२ या आवृत्तीची पाच वर्षं भरली होती, तेव्हा १२.२१ हे तिचं शेवटचं अपडेट ठरवलेलं होतं.

चारपैकी सगळ्यात गंभीर त्रुटी सीव्हीई-२०२४-१०९७९ ही होती (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या त्रुटीला दिलेला जाहीर क्रमांक). तिला १० पैकी ८.८ गुण दिलेले होते. डेटाबेसमध्ये पर्ल या भाषेत फंक्शन लिहिण्याची सोय चालू असेल, तर विशेष अधिकार नसलेला वापरकर्ताही सर्व्हर प्रोसेसचे पाथसारखे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलू शकत होता, आणि तिथून सर्व्हरवर हवा तो कोड चालवण्यापर्यंत मजल जाऊ शकत होती. म्हणजे हे अपडेट 'सवडीने घेऊ' म्हणण्यासारखं नव्हतं. तुमच्याकडे पर्लची ती सोय बसवलेली असेल, तर त्याच संध्याकाळी घेण्यासारखं होतं. हा संदर्भ सुरुवातीलाच ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढच्या आठवड्यात 'थांबा' असा सल्ला फिरू लागला आणि थांबण्यालाही किंमत होती.

ज्या दुरुस्तीने बाइट वाढवला, ती दुरुस्ती

पहिला तडा एका अगदी खऱ्या, डेटा खराब करणाऱ्या बगच्या दुरुस्तीतून आला. आधी तो बग समजून घेऊ, नाहीतर नंतरचा गोंधळ नुसता निष्काळजीपणा वाटेल.

पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली की जुनी ओळ तशीच राहते आणि तिची नवी प्रत लिहिली जाते. सिस्टिमच्या स्वतःच्या तक्त्यांनाही बहुतेक वेळा हाच नियम लागू असतो. पण काही मोजक्या नोंदी जागच्या जागी खोडून लिहिल्या जातात. उदाहरणार्थ, प्रत्येक तक्त्यामागे सिस्टिम एक खूण ठेवते: या तक्त्याला इंडेक्स, म्हणजे ओळी झटपट शोधून देणारी सूची, आहे की नाही. इंडेक्स बनवताना ही खूण जुन्याच ओळीवर बदलली जाते.

आता समजा, एक जण एका तक्त्यावर ग्रँट ही अधिकार देण्याची आज्ञा चालवतोय आणि त्याच क्षणी दुसरा त्याच तक्त्यावर इंडेक्स बनवतोय. ग्रँटने सिस्टिमच्या नोंदीची प्रत हातात घेतली, त्यात खूण 'इंडेक्स नाही' अशी आहे. इतक्यात इंडेक्सवाल्याने मूळ नोंदीत 'आहे' असं लिहिलं. मग ग्रँटने आपल्या हातातली जुनी प्रत, नव्या अधिकारांसह, नवी नोंद म्हणून लिहून टाकली. रजिस्टरच्या पानाची नक्कल करून घेतल्यावर कुणी मूळ पानावर दुरुस्ती करावी आणि मग ती नक्कलच नवं पान म्हणून चिकटवली जावी, तसं. इंडेक्स बनलेला आहे, पण तक्त्याला तो आहे हे माहीतच नाही. पुढे येणाऱ्या नव्या ओळी त्या इंडेक्समध्ये जातच नाहीत. कुठेही एरर येत नाही. काही महिन्यांनी कुणाला तरी दिसतं की एक ऑर्डर तक्त्यात आहे पण शोधली की सापडत नाही.

असा बग दुर्मीळ असतो, पण तो डेटावर घाव घालतो. त्यामुळे त्याची दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांमध्येही नेणं आवश्यक होतं. दुरुस्ती अशी: ज्या सिस्टिम तक्त्यांत जागच्या जागी लिखाण होऊ शकतं, तिथली ओळ वाचून, बदलून, परत लिहिताना आधी त्या ओळीवर कुलूप लावायचं. कुणी सुपरयूजर थेट अपडेट किंवा मर्ज वापरून सिस्टिमचा तक्ता बदलत असेल, तर क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालवणाऱ्या भागालाही हे कुलूप लावायची गरज आहे की नाही हे कळायला हवं. त्यासाठी 'रिझल्ट-रेल-इन्फो' नावाच्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे मेमरीत एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटात, हो-नाही अशी एक खूण वाढवली गेली. एक बुलियन. एक बाइट.

सिस्टिमचे तक्ते हाताने अपडेट करणारा माणूस जगात किती वेळा भेटतो? क्वचित. त्या क्वचित प्रसंगासाठीचा हा बाइट होता, आणि तो असायलाही हवा होता.

शेवटी जोडा, हा नियम

प्रकाशित झालेल्या आवृत्तीत एखाद्या स्ट्रक्टमध्ये नवी खूण घालायची असेल, तर ती सर्वांत शेवटी जोडायची, असा पोस्टग्रेस विकासकांचा जुना शिरस्ता आहे. कारण सोपं आहे. पोस्टग्रेसची एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, वेगळी कंपाइल केलेली (कोडवरून चालणाऱ्या फाइलीत बदललेली) असतात. टाइमस्केलडीबीसारखं एक्स्टेंशन १७.० चा कोड समोर ठेवून बनवलेलं असतं आणि तीच तयार फाइल १७.१ च्या सर्व्हरमध्ये चढते. मधे खूण घातली तर तिच्या पुढच्या सगळ्या खुणांच्या जागा सरकतात आणि जुनं एक्स्टेंशन भलत्याच ठिकाणी वाचतं. शेवटी जोडली तर आधीच्या जागा जिथल्या तिथे राहतात. हा शिरस्ता इथे पाळला गेला.

अडचण अशी की रिझल्ट-रेल-इन्फो हे बाकीच्या स्ट्रक्टसारखं वापरलं जात नाही. इतर स्ट्रक्टचे सहसा पॉइंटर फिरतात, म्हणजे 'अमुक वस्तू तमुक पत्त्यावर आहे' असं सांगितलं जातं, आणि वस्तू किती लांब आहे याने फारसं बिघडत नाही. रिझल्ट-रेल-इन्फोच्या मात्र अख्ख्या रांगा मेमरीत एकाला एक लागून मांडलेल्या असतात, आणि क्वेरी चालवणाऱ्या भागातल्या काही जागी एक्स्टेंशनना त्या रांगेतला दुसरा, तिसरा, चौथा घटक स्वतः मोजून काढावा लागतो.

चौसष्ट बिटांच्या यंत्रावर या स्ट्रक्टची लांबी ३७६ बाइट होती. शेवटी एक बाइट जोडला, की कंपायलर पुढच्या आठच्या पटीपर्यंत लांबी वाढवतो. ३७६ चे ३८४ झाले. सर्व्हर आता दर ३८४ बाइटवर नवा घटक मांडतो. एक्स्टेंशन दर ३७६ वर शोधतं. पहिला घटक दोघांनाही शून्यावर सापडतो. दुसरा आठ बाइटांनी चुकतो, तिसरा सोळांनी. आठ बाइट म्हणजे नेमका एक पॉइंटर, म्हणजे एक्स्टेंशनला एका पत्त्याच्या जागी शेजारचा पत्ता मिळतो, आणि त्या पत्त्यावर जाऊन ते भलतंच काहीतरी उचलतं. सुदैव असेल तर सर्व्हर प्रोसेस तिथेच कोसळते. सुदैव म्हणतो ते मनापासून, कारण न कोसळता चुकीच्या मेमरीवर काम चालू राहणं हे त्याहून वाईट असतं. अर्थात कोसळणंही स्वस्त नाही: पोस्टग्रेसमध्ये एक प्रोसेस अशी मेली की मेमरी सगळ्यांची सामाईक असल्याने बाकीची सगळी कनेक्शनंही तोडली जातात आणि डेटाबेस रिकव्हरीतून परत उभा राहतो.

यातला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. एका वेळी एकाच तक्त्यात बदल करणाऱ्या क्वेरींमध्ये रांगेत एकच घटक असतो, आणि पहिला घटक तर बरोबरच सापडतो. म्हणजे साध्या चाचण्या चालवून बघितल्या असत्या तरी सगळं हिरवं दिसलं असतं. जी एक्स्टेंशन असा एखादाच घटक स्वतः बनवतात, त्यांनाही पोस्टग्रेसच्या मेमरी वाटपाच्या पद्धतीने बऱ्याच अंशी तारलं. ३७६ बाइट मागितले की ते ५१२ चा तुकडा देतं, त्यामुळे सर्व्हरने जास्तीच्या बाइटला हात लावला तरी तो दुसऱ्या कुणाच्या मेमरीत पडत नव्हता. पण तो बाइट एक्स्टेंशनने शून्य करून ठेवलेला नसायचा. तिथे आधीचं जे काही पडलेलं असेल ते.

मग हे आधी कुणाला का दिसलं नाही? पोस्टग्रेसची स्वयंचलित चाचणी यंत्रणा मोठी आहे. जगभरातली किती तरी यंत्रं रोज कोड बिल्ड करून हजारो चाचण्या चालवतात. पण ती सगळी यंत्रं सर्व्हर आणि सोबतची एक्स्टेंशन एकाच कोडवरून, एकत्र, ताजी कंपाइल करतात. तिथे लांबी दोन्हीकडे ३८४ च असणार. जुनी तयार फाइल नव्या सर्व्हरमध्ये चढवायची, ही गोष्ट त्या चाचण्यांत घडतच नव्हती. ती घडत होती तुमच्या-माझ्या सर्व्हरवर, जिथे पॅकेज मॅनेजर पोस्टग्रेस १७.१ आणतो आणि टाइमस्केलडीबीची फाइल आहे तशीच ठेवतो.

बायनरी सुसंगतता, म्हणजे जुनी तयार फाइल नव्या सर्व्हरशी जुळणं, ही चाचणीची गोष्ट आहे, ती शिरस्त्यावर सोडून चालत नाही, असं माझं या प्रकरणावरून ठाम मत झालं आहे. दोन बिल्डमधल्या स्ट्रक्टच्या लांबीची आणि मांडणीची तुलना करून फरक दाखवणारी साधनं उपलब्ध आहेत. अबीडिफ हे त्यातलं एक, आणि तेही मुक्त स्रोतच आहे. एखादं महत्त्वाचं एक्स्टेंशन स्वतः बनवून वापरणाऱ्या कुठल्याही चमूने देखभालीच्या आवृत्तीआधी ही तुलना एकदा करून बघायला हरकत नाही. काही मिनिटांचं काम आहे.

दुसरा तडा, जो दिसतच नव्हता

दुसरी चूक पहिल्याहून लहान दिसते. मला ती जास्त काळजीची वाटते.

सुरक्षेच्या चार त्रुटींपैकी सीव्हीई-२०२४-१०९७८ ही 'सेट रोल' आणि 'सेट सेशन ऑथरायझेशन' या दोन आज्ञांच्या आपसातल्या गुंत्याबद्दल होती. रोल म्हणजे डेटाबेसमध्ये माणूस ज्या ओळखीने काम करतो ती, अधिकार तिच्यावर ठरतात; सेशन म्हणजे लॉगिनपासून बाहेर पडेपर्यंतचा काळ. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकानुसार सेशनची ओळख बदलली की रोल 'काहीच नाही' असा व्हायला हवा. पोस्टग्रेसमध्ये हे ज्या पद्धतीने केलेलं होतं, त्यातून नको तितका परिणाम एकमेकांवर व्हायचा. एखाद्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकदम लागू होणाऱ्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यात) सेशनची ओळख बदलली आणि ते ट्रान्झॅक्शन रद्द केलं, तर आधी ठरवलेला रोल परत येण्याऐवजी तो 'काहीच नाही' असा व्हायचा. म्हणजे रद्द केल्यानंतर माणूस आधीच्या ओळखीने काम करत नव्हता. ज्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे रोलवर ठरतं, तिथे हे गंभीर आहे.

ते दुरुस्त करताना एक वाट अनवधानाने बंद झाली. रोल दोन तऱ्हांनी ठरवता येतो: सेशन चालू असताना हाताने आज्ञा देऊन, किंवा आधीच नोंदवून ठेवून. 'ऑल्टर रोल अमुक सेट रोल तमुक' असं एकदा लिहून ठेवलं की तो वापरकर्ता लॉगिन करताच आपोआप दुसऱ्या रोलमध्ये जातो. १४ नोव्हेंबरच्या आवृत्त्यांमध्ये ही नोंदवून ठेवलेली तऱ्हा निष्प्रभ झाली. नोंद जागेवर होती, वाचलीही जात होती, पण लागू होत नव्हती. एरर नाही, इशारा नाही.

ही सोय कोण वापरतं? बरेच जण. एकाच अ‍ॅप्लिकेशनसाठी अनेक लॉगिन असतात, काही ठिकाणी तर पासवर्ड सांभाळणारी यंत्रणा दर काही तासांनी नवं लॉगिन बनवते आणि जुनं पुसते. त्या सगळ्यांनी बनवलेले तक्ते एकाच मालकाच्या नावावर जावेत म्हणून प्रत्येक लॉगिनला 'आत आलास की या मालकाच्या रोलमध्ये जा' असं नोंदवलेलं असतं. ती नोंद लागू झाली नाही की नवे तक्ते तात्पुरत्या लॉगिनच्या नावावर बनतात. दुसऱ्या लॉगिनला ते वाचता येत नाहीत. जुनं लॉगिन पुसायला जावं तर ते पुसलं जात नाही, कारण त्याच्या नावावर तक्ते आहेत. हा त्रास निदान डोळ्यांना दिसतो.

उलटा प्रकार दिसतही नाही. काही जण हीच सोय अधिकार कमी करण्यासाठी वापरतात: लॉगिन मोठ्या अधिकाराचं, पण आत येताच ते फक्त वाचण्याच्या रोलमध्ये जावं. ती नोंद लागू झाली नाही, तर माणूस पूर्ण अधिकारासह आत बसलेला असतो आणि सगळं पूर्वीसारखंच चालतं, किंबहुना काहीच अडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्तीने सुरक्षेचं दार उघडं ठेवलं आणि तक्रार करायला कुणाला कारणच मिळालं नाही.

पहिल्या चुकीत सर्व्हर कोसळतो, माणूस लॉग उघडतो, कारण शोधतो. दुसरीत तसं काही घडत नाही. देखभालीचं अपडेट घेतल्यावर आपण सहसा 'चालू झालं का' एवढंच बघतो. अधिकार तसेच आहेत का, हे बघण्याची सवय मी तरी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. लॉगिन करून 'करंट यूजर' विचारणारी एक ओळीची तपासणी अपडेटनंतरच्या कामांत टाकली असती, तर हा तडा पाच सेकंदांत दिसला असता.

सात दिवस

स्ट्रक्टची लांबी बदलल्याचं मूळ विकासकांच्या चर्चेत प्रकाशनाच्या दिवशीच मांडलं गेलं. ते मांडणारे एक भारतीय विकासक होते, ज्यांचं काम पोस्टग्रेस वापरणारा प्रत्येक जण नकळत रोज वापरतो: २००८ साली आलेल्या ८.३ आवृत्तीतलं 'हॉट' हे तंत्र त्यांचं. इंडेक्स नसलेला रकाना बदलला तर इंडेक्सला हात न लावता ओळीची नवी प्रत त्याच पानावर ठेवायची, ही ती युक्ती. कोडमध्ये इतकी वर्षं मुरलेल्या माणसाच्या नजरेला एका बुलियनची जागा खटकली, यात मला आश्चर्य वाटत नाही. मुक्त स्रोताचा हा फायदा मात्र स्पष्ट सांगायला हवा. काय बदललं ते ओळीनिशी उघडं असल्यामुळे दोष दाखवायला कुणाच्या सपोर्टकडे तिकीट टाकावं लागलं नाही.

त्यानंतर प्रकल्पाने फार आढेवेढे घेतले नाहीत. पुढचं ठरलेलं अपडेट १३ फेब्रुवारी २०२५ ला होतं. तोवर न थांबता २१ नोव्हेंबरला वेळापत्रकाबाहेरची आवृत्ती काढू असं जाहीर केलं, आणि त्या घोषणेत दोन्ही चुका सरळ शब्दांत लिहिल्या: अमुक सीव्हीईच्या दुरुस्तीमुळे नोंदवलेला रोल लागू होत नाही, आणि काही एक्स्टेंशन ज्या बायनरी मांडणीवर अवलंबून आहेत ती बदलली आहे, तूर्त एक्स्टेंशन नव्याने बिल्ड केलं तर चालेल. टाइमस्केलडीबीच्या बाजूनेही या आवृत्त्या त्यांच्या एक्स्टेंशनसोबत वापरू नका असं सांगितलं गेलं.

वेळापत्रकाबाहेरची आवृत्ती ही पोस्टग्रेसमध्ये नेहमीची गोष्ट नाही. आधीचं ठळक उदाहरण १४.४ चं, जून २०२२ मधलं. १४ मध्ये कामकाज चालू ठेवून इंडेक्स बनवण्याची जी आज्ञा आहे, तिच्यात इंडेक्स गुपचूप खराब होण्याचा बग होता, आणि तेव्हा तर मूळ सुधारणाच काढून टाकली गेली.

बाइटची दुरुस्ती बघण्यासारखी आहे. पोस्टग्रेसचे जुने विकासक टॉम लेन यांनी खूण काढली नाही, तिची जागा बदलली. स्ट्रक्टमध्ये काही बुलियन आधीपासून होते, आणि त्यांच्या मागे पुढचा पॉइंटर आठच्या पटीवर यावा म्हणून कंपायलरने सोडलेले काही रिकामे बाइट होते. नवी खूण त्या रिकाम्या जागेत बसवली. कुणाची जागा सरकली नाही आणि लांबी पुन्हा ३७६. पुढच्या मुख्य आवृत्तीसाठीच्या कोडमध्ये ती खूण पहिल्यापासून तिथेच होती. फक्त जुन्या आवृत्त्यांमध्ये नेताना, 'प्रकाशित आवृत्तीत शेवटी जोडा' हा शिरस्ता आठवून, ती शेवटाला नेली गेली होती. ही दुरुस्ती १४ ते १७ एवढ्याच आवृत्त्यांना लागली, कारण १२ आणि १३ मध्ये ती खूण गेलीच नव्हती.

२१ नोव्हेंबरला १७.२, १६.६, १५.१०, १४.१५, १३.१८ आणि १२.२२ आल्या. नोंदवलेला रोल परत लागू होऊ लागला. निघालोच आहोत तर म्हणून आणखी काही दुरुस्त्याही आल्या. त्यातली एक जाणकारांनी नजरेआड करू नये अशी: जुन्या मुख्य सर्व्हरला नव्याच्या मागे परत उभं करणारं पीजी-रीवाइंड हे साधन, अजून लागणाऱ्या लॉग फाइली पुसून टाकू शकत होतं, ते थांबलं. १७.१ समोर ठेवून ज्यांनी घाईने एक्स्टेंशन नव्याने बिल्ड केलं होतं, त्यांना ते १७.२ वर पुन्हा करावं लागणार होतं, कारण आता त्यांची फाइल ३८४ मोजत होती आणि सर्व्हर ३७६. घाईने केलेल्या उपायाचं हे देणं त्या आठवड्यात फार थोड्यांच्या लक्षात आलं असावं.

थांबावं की घ्यावं

या प्रकरणानंतर 'देखभालीचं अपडेट आलं की महिनाभर थांबायचं' असा नियम करण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाही. पर्लची सोय असलेल्या सामाईक सर्व्हरवर तो महिना म्हणजे ८.८ गुणांची उघडी त्रुटी. आणि ज्याच्याकडे बाहेरचं एक्स्टेंशन नाही, नोंदवलेला रोल नाही, त्याला १७.१ मध्ये या दोन्ही तड्यांचा स्पर्शही झाला नसता. एकच तारीख, पण योग्य उत्तर सर्व्हरगणिक वेगळं.

ते उत्तर काढायला आपल्या सर्व्हरबद्दल थोडी माहिती हाताशी लागते. कुठली एक्स्टेंशन बसवली आहेत आणि त्यातली कुठली पोस्टग्रेससोबतच येत नाहीत, हे एका क्वेरीत कळतं. नोंदवलेले रोल आणि सेटिंग पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनात एका छोट्या आज्ञेने दिसतात. ही यादी अपडेट यायच्या आधीच लिहून ठेवलेली असावी. रात्री अकराला सर्व्हर पडल्यावर ती बनवायला बसू नये.

आणि प्रकाशनासोबतच्या टिपा पूर्ण वाचाव्यात. १७.१ च्या टिपांमध्ये याहून वेगळी, पण वाचलीच पाहिजे अशी सूचना होती: फॉरेन की (दुसऱ्या तक्त्याशी जोडणारा दुवा) असलेल्या, पार्टिशनांत म्हणजे तुकड्यांत विभागलेल्या तक्त्यातून तुम्ही कधी एखादं पार्टिशन वेगळं करून ठेवलं असेल, तर नोंदी किंवा डेटा आधीच बिघडलेला असू शकतो आणि तो हाताने दुरुस्त करावा लागेल. नवं पॅकेज बसवल्याने पुढचा बिघाड थांबतो. मागे झालेला बिघाड तसाच राहतो. दोन मिनिटांत रीस्टार्ट करून मोकळे झालेल्या किती जणांनी ती ओळ वाचली, हा प्रश्न मला टोचतो.

फेब्रुवारीत हेच चित्र पुन्हा दिसलं. १३ तारखेला १७.३ आलं. त्यात सीव्हीई-२०२५-१०९४ ची दुरुस्ती होती: क्वेरीत घालण्याआधी मजकूर निर्धोक करणारी, लिबपीक्यू या पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या लायब्ररीची फंक्शन सदोष एन्कोडिंगच्या मजकुराने फसवली जाऊ शकत होती. दुरुस्तीत एक गोष्ट राहून गेली. त्यातली दोन फंक्शन 'मजकूर इतकाच घ्या' म्हणून दिलेली लांबी न मानता शेवटच्या शून्य बाइटपर्यंत वाचत सुटली, त्यामुळे नको तो मजकूर आत येत होता आणि फारच दुर्दैव असेल तर प्रोग्रॅम कोसळत होता. पुढच्या गुरुवारी, २० फेब्रुवारीला, १७.४. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा गुरुवार ते गुरुवार.

दोन्ही वेळा पहिली आवृत्ती सुरक्षेच्या दुरुस्तीमुळे घाईची होती. सुरक्षेच्या पॅचची चर्चा प्रकाशनापर्यंत बंद दाराआड होते, तशी ती व्हायलाच हवी, पण त्यामुळे बाकीच्या पॅचसारख्या शेकडो नजरा तिच्यावरून आधी फिरत नाहीत. नोव्हेंबरमधली रोलची चूक आणि फेब्रुवारीतली लिबपीक्यूची चूक, दोन्ही अशाच वाटेने आल्या. बाइटची चूक मात्र उघड्या चर्चेतल्या, उघड्या कोडमधली होती, त्यामुळे हे कारण तिला लागू पडत नाही. तिचं कारण चाचणीच नसणं एवढंच.

राहिली १२ ही आवृत्ती. १४ नोव्हेंबरला तिचा शेवट जाहीर झाला होता, पण तिच्यातही रोलची चूक गेलेली होती, म्हणून तिला एक आठवडा वाढवून मिळाला आणि १२.२२ निघालं. ज्यांनी 'शेवटचं अपडेट घेतलं, आता मुख्य आवृत्ती बदलू तेव्हाच हात लावू' असं म्हणून १२.२१ वर सर्व्हर सोडून दिला, त्यांच्याकडे नोंदवलेले रोल आजही लागू होत नसणार. लॉगिन करून 'शो सर्व्हर व्हर्जन' विचारा. उत्तर १२.२१ आलं, तर पुढे एकच आकडा शिल्लक आहे, आणि तो घेऊन ठेवायला हवा, मग मुख्य आवृत्ती पुढच्या महिन्यात बदलायची असो की पुढच्या वर्षी.